लाल रीळ

एका गावात एक शिंपी होता. त्याला पाच वर्षांची मुलगी होती. बाप मशीनवर बसला की ती शेजारी बसून रंगीत रिळं लावायची.

एकदा तिला ताप आला. ताप उतरला, पण मुलगी गुंगीतच राहिली. चालताना तोल जाऊ लागला. आईबापांनी तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय काढला, पाठीतलं पाणी तपासलं. मेंदूत ठिकठिकाणी सूज होती. पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं. मुलगी उठून बसली, हळूहळू चालू लागली.

शिंप्यानं विचारलं, "बाई, हा मल्टिपल स्क्लेरोसिस तर नाही ना?"

"आज सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "मेंदूत पुन्हा पुन्हा सूज आणणारा तो आजार बहुतेक तरुणपणी सुरू होतो. दहा वर्षांखाली फार विरळा. एवढ्या लहान मुलांत अशी सूज बहुधा एकदाच येते आणि जाते. आपण लक्ष ठेवू. ती जे सांगेल, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा."

लोक म्हणाले, बाईंना काही कळत नाही. शिंप्यानं मापांच्या वहीचं शेवटचं पान मुलीसाठी राखलं.

सहा महिने गेले. एके दिवशी मुलगी एक डोळा झाकून म्हणाली, "बाबा, या डोळ्यानं लाल रीळ विटकं दिसतं."

आजी म्हणाली, "खेळतेय पोर." बापानं तारीख टाकून ते वाक्य लिहिलं आणि त्याच रात्रीची एसटी धरली.

डोळ्याच्या नसेला सूज होती. नव्या एमआरआयमध्ये नवे डाग होते. या वेळी गुंगी नव्हती. असाच दिसणारा दुसरा एक आजार असतो. त्याच्यासाठी रक्तातली मॉग प्रतिपिंडं तपासली, ती सापडली नाहीत. मग बाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान सांगितलं आणि पुढचे झटके रोखणारं औषध सुरू केलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" आईनं विचारलं.

"तेव्हा तो नुसता अंदाज झाला असता. अशा कितीतरी मुलांना पुन्हा काही होत नाही. त्यांच्या माथी हे नाव उगाच बसलं असतं. आज पुरावा आहे, आणि तुम्ही लिहून ठेवलंत म्हणून तो वेळेवर हाती आला."

लहान मूल दुखणं मोठ्यांच्या शब्दांत सांगत नाही. म्हणून त्याच्या आजाराला नाव देण्याची घाई करू नये, आणि त्याचं बोलणं खेळ म्हणून सोडूनही देऊ नये. खरं निदान धीर आणि लक्ष या दोहोंनी होतं.