टोळीचे पैसे

साल २०२३. नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात एका ख्रिस्ती शेतकऱ्याचा दोन एकर उन्हाळी कांदा काढून झाला होता. अवकाळी पाऊस मधूनच येऊन भिजवून जात होता. बाजारात भाव असा पडलेला, की गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता हाती काय येणार याचीच धास्ती. चाळीत भरावा, तर चार-पाच महिन्यांनी भाव येईलही. पण तोवर वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. विकावा की साठवावा?

माणूस प्रार्थनेचा. पणजोबांच्या बाप्तिस्म्यापासून घरात रीत होती, की देवाला विचारल्याशिवाय मोठे काम करायचे नाही. रीत चांगलीच, पण विचारायचे कसे, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले होते. नव्या वर्षाच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी उचलतात ना, त्यातून याला वेगळीच सवय लागली होती. डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट ठेवायचे.

बोट पडले उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायावर. योसेफ मिसरात सुकाळाचे धान्य कोठारात भरतो आहे.

“झाले! चाळ भरायची,” तो म्हणाला.

“अहो, ते धान्य होते. आपल्या भिजलेल्या कांद्याचे काय करता?” बायको म्हणाली. “आणि दुष्काळ कधी येणार, हे योसेफाला आधी कळले होते. तुम्हाला कळलेय का?”

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा बोट ठेवले. लूकाचा बारावा अध्याय निघाला. जुनी कोठारे मोडून मोठी बांधू म्हणणारा धनवान त्याच रात्री मरतो. म्हणजे विकायचा! तिसऱ्या दिवशी इतिहासाचे पहिले पुस्तक उघडले. तिथे नऊ अध्याय वंशावळच चालते. त्यात कांद्याला काय उत्तर मिळणार?

मग त्याला गिदोन आठवला. गिदोनाने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे चिन्ह मागितले होते. यानेही मागितले: शनिवारच्या आत आडत्याचा फोन आला, तर विकायचा. शुक्रवारी फोन वाजला. पण तो खताच्या दुकानदाराचा होता, उधारीसाठी.

इथे थोडे थांबून शास्त्र नीट वाचायला हवे. गिदोनाची गोष्ट आपण लोकरीपासून सुरू करतो. शास्त्यांच्या सहाव्या अध्यायात मात्र देवाने त्याला मिद्यान्यांवर जायला आधीच सांगितले आहे. लोकर नंतर येते. काय करायचे हे त्याला ठाऊक होते, धीर तेवढा होत नव्हता. चिठ्ठ्यांचेही तसेच. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात आहे. पुढच्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर त्या पुस्तकात मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचे कुठे येत नाही. ते प्रार्थना करतात, एकत्र बसतात, वादही घालतात आणि मग ठरवतात.

शुक्रवारी रात्री त्याने हे सारे आईपुढे मांडले. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“टोळीचे पैसे दिलेस का रे?”

काढणी उक्ती दिली होती. आठ बायकांची टोळी, त्यातल्या दोघी त्याच्याच मंडळीतल्या.

“बाजार झाला की देतो म्हटलेय.”

“म्हणजे तू साठवलास, तर त्या दिवाळीपर्यंत थांबणार?”

तो गप्प बसला. आईने अनुवादाचा चोविसावा अध्याय काढायला लावला. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला आहे, असे तिथे सांगितले आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, हे याकोबाच्या पत्रात आहे, तेही तिला पाठ होते.

“इतके लख्ख लिहिलेले सोडून बोट कुठे फिरवतोस?” ती म्हणाली. “हे आधी कर. उरलेल्या कांद्याचे तुझे तू बघ. वीस वर्षे कांदा पिकवतोस. देवाने ती अक्कल काय उगाच दिली?”

शनिवारी नवरा-बायको निवडायला बसले. भिजलेला, जोड आणि डेंगळा कांदा बाजूला काढला आणि सोमवारी मिळेल त्या भावाने घोडेगावला विकला. टोळीचे पैसे पुरे होईनात, तेव्हा कमी पडलेले बायकोने बचत गटातून उचलले. वाळलेला, घट्ट पत्तीचा कांदा चाळीत गेला. या वेळी प्रार्थना झाली, पण चिन्ह मागितले नाही.

आता वाचकाला वाटेल, पुढे चाळीतल्या कांद्याचे सोने झाले. तसे झाले नाही. ऑगस्टमध्ये सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. सप्टेंबरात कांदा सडू लागला म्हणून त्याने विकून टाकला, आणि ऑक्टोबरअखेर भाव चढले. उपासनेनंतर एकाने टोमणा मारलाच, “देवाने तुला महिनाभर थांबायला सांगितले नाही वाटते?”

“नाही सांगितले,” तो म्हणाला. “टोळीचे सांगितले होते, ते केले.”

डिसेंबरात सरकारने निर्यातच बंद केली. त्याही हंगामात त्याने दोन एकर कांदा लावला, आणि काढणीचे पैसे लागवडीच्या वेळीच वेगळे काढून आईकडे दिले. भावासाठी प्रार्थना तो अजून करतो.