गाण्यापुरता चित्रपट

चित्रपट निवडताना त्यात गाणी किती आणि नाच कोणाचा, एवढेच पाहणारी माणसे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेली. इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यात हिंदी चित्रपटाला जाणे हा एक कौटुंबिक समारंभ असे. परतल्यावर चर्चा होई ती चालीची, ठेक्याची, पदन्यासाची. कथेविषयी कोणी विचारले तर आमच्या आत्या म्हणत, "कथा काय, असतेच." पुढे घरी व्हिडिओ आला, मग सीडी आली आणि आत्यांच्या हाती चित्र पुढे पळवण्याचे बटण आले. अडीच तासांचा चित्रपट पस्तीस मिनिटांत आटोपू लागला. आमचे वडील चिडत. पुरण तेवढे खाऊन पोळी ताटात टाकणाऱ्या पाहुण्याला काय म्हणावे, असे ते विचारत. आत्यांचे उत्तर ठरलेले होते: "पोळी जाड लाटली असेल तर तो दोष पाहुण्याचा नव्हे, दादा."

त्या वेळी आम्ही हसत असू. आज त्या दोघांपैकी कोणीही नाही आणि वाद मात्र आमच्या मनात शिल्लक आहे. दुसऱ्याने अखंड म्हणून घडवलेल्या वस्तूतून आपल्याला रुचेल तेवढाच तुकडा उचलावा, हे रसिकाचे स्वातंत्र्य की रसिकाची कृतघ्नता?

आत्यांची बाजू प्रथम मांडणे न्याय्य होईल, कारण ती मराठी माणसाची जुनीच बाजू आहे. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले, 'स्वयंवर' १९१६ साली. त्यांना गर्दी करणारे आमचे आजे-पणजे कथानकाच्या ओढीने जात होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. रुक्मिणीचे पुढे काय होणार हे तर सर्वांनाच ठाऊक होते. जायचे ते बालगंधर्वांचे गाणे ऐकायला. 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' पडत आणि कथा बिचारी विंगेत ताटकळत उभी राही. हिंदी बोलपट जन्मला तोही गातच. १९३१ च्या 'आलम आरा'त सात गाणी होती आणि पुढच्याच वर्षीच्या 'इंद्रसभे'त सत्तरच्या आसपास. 'कानून' (१९६०) सारखा गाण्यांवाचूनचा चित्रपट अपवाद म्हणूनच लक्षात राहतो. ज्या परंपरेत गाणे हाच पाया, तिथे गाण्यासाठी जाणाऱ्याला उथळ म्हणता येत नाही.

तसे म्हणणारे थोर लोक अर्थात झाले आहेत. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना अभिजात संगीताची खरी आस्था होती, आणि त्यांच्याच काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी बटण पिरगाळले आणि रेडिओ सिलोन लावला. आमचे आजोबा केसकरांचे चाहते होते. पण बुधवारी रात्री 'बिनाका गीतमाला' लागली की ते वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरून बसत आणि पान काही उलटत नसे. अखेर १९५७ साली 'विविध भारती' सुरू करावी लागली. अभिरुची सुधारण्याची इच्छा चांगलीच, पण दुसऱ्याच्या वतीने निवड करणारा माणूस बटण फिरवणाऱ्या आत्यांहून फारसा निराळा नसतो, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

भगवानदादांच्या 'अलबेला'ची (१९५१) कथा आज कितीजणांना सांगता येईल? सी. रामचंद्रांच्या चाली मात्र कोणी विसरलेले नाही. भगवानदादांचे ते नाचणे कोणत्याही शास्त्रात बसणारे नव्हते. जाडसर अंगाचा, साधा माणूस खांदे आणि हात हलवीत पावले टाकतो, आणि गणपतीच्या मिरवणुकीत आजही लोक तसेच नाचतात. तो चित्रपट गाण्यापुरता पाहिला तर कोणावर अन्याय होतो, असे आम्हांला वाटत नाही. इथे आत्याच बरोबर.

'तेजाब'पाशी (१९८८) आम्ही अडखळतो. सरोज खान यांनी बसवलेले माधुरी दीक्षितचे ते आकडे मोजणारे गाणे सुरू झाले की प्रेक्षक पडद्यावर नाणी उधळत, हे सर्वश्रुत आहे. लोक त्या एका नाचासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढीत, आणि नाच खरोखरच तसा आहे. पण कथेत ती मुलगी स्वखुशीने नाचत नाही. तिचा बाप तिला पैशांसाठी नाचवतो. म्हणजे नाणे फेकणारा प्रेक्षक नकळत त्या बापाच्या गल्ल्यातच भर घालीत होता. नाच तेवढा उचलला की तो आनंदाचा उद्गार ठरतो. नाचवणारा हात पुढे पळवलेल्या भागात राहून जातो. हे गाणे आम्हांलाही आवडते, आणि हा विचार सुचल्यापासून ते पहिल्यासारखे आवडत नाही, हेही खरे.

'पाकीजा'ची (१९७२) गोष्ट याहून गुंतागुंतीची. अखेरच्या नृत्यात साहिबजान फुटलेल्या काचांवर नाचते आणि पांढऱ्या बैठकीवर रक्ताची पावले उमटतात. मीनाकुमारी त्या वेळी आजारी होत्या. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोनच महिन्यांत त्या गेल्या. नृत्याचा बराच भाग पद्मा खन्ना यांनी चेहरा झाकून केला. चित्रपटाच्या आरंभी आगगाडीत झोपलेल्या साहिबजानच्या पायांशी एक अनोळखी माणूस चिठ्ठी ठेवून जातो: ही पावले जमिनीवर टाकू नका, अशा अर्थाची. शेवटी त्याच माणसाच्या लग्नात ती त्याच पावलांनी काचा तुडवते. चिठ्ठी गाण्यात नाही. ती पोळीत आहे, पुरणात नाही. ती वगळली तर ते रक्त केवळ भडक देखावा उरते, आणि दिग्दर्शकाला आपण आपल्याच हाताने उथळ ठरवतो.

मागच्या दिवाळीत आमची नात शेजारी येऊन बसली. आत्यांच्या जुन्या सवयीने आम्ही थेट ते शेवटचे नृत्य लावले होते. तिने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आजोबा, ती चपला का घालत नाही?" सांगायला सुरुवात केली, तर आगगाडीपासून सांगावे लागले; मग तिच्या आईपासून; मग कोठ्यापासून. शेवटी बटण दाबून आम्ही चित्रपट आरंभापासून लावला. मध्यंतरापर्यंत नात झोपली होती. आम्ही मात्र शेवटपर्यंत पाहिला, पहिल्यांदाच.