सेतोच्या समुद्रात थांबताना

पाठ टेकता येईल अशी जागा बघा आणि बसा. घरातली खिडकी चालेल, गच्ची चालेल. पुण्यात असाल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान फारच सोयीचं. ते ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलं आहे, ती ओकायामा शहरातली बाग आज आपल्या वाटेच्या जवळच आहे. पाय जमिनीला लागू द्या. खांदे नकळत वर चढलेले असतात, ते खाली येऊ द्या. वाचायचं आहे, तेव्हा डोळे मिटता येणार नाहीत. पण घाई करू नका. प्रत्येक टप्प्यानंतर दोन-चार श्वास नुसते जाऊ द्यायचे, एवढंच पथ्य.

एप्रिलचे पहिले दिवस आहेत असं धरा. आपण जपानच्या सेतो समुद्रात आहोत. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन मोठ्या बेटांनी वेढलेला हा समुद्र पूर्व-पश्चिम सुमारे ४५० किलोमीटर पसरलेला आहे. सरासरी खोली मात्र चाळीस मीटरच्या आतच. त्यात लहानमोठी सातशेहून अधिक बेटं. १९३४ साली जपानने आपली पहिली राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यांत याचा समावेश होता. आपलं जहाज लहान आहे. हिरोशिमाच्या उपसागरातून ते पूर्वेकडे निघालं आहे. बाजूला बांबूचे चौकोनी तराफे ओळीने तरंगताहेत. त्यांच्याखाली तारांना लटकून कालवं वाढतात. समोरचं बेट झाडांसकट स्पष्ट, त्यामागचं निळसर, त्याच्याही मागचं जेमतेम एक रेघ. उतारांवरच्या हिरव्या रानात मधूनच रानचेरीचे फिकट गुलाबी पुंजके दिसतात.

आता एक काम करा. सध्या तुम्ही कशाची तरी वाट बघत असाल. निकालाची, नेमणुकीच्या पत्राची, कोणाच्या तरी फोनची, दुखणं बरं होण्याची. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि जहाजावर सोबत घ्या. तिच्यावर विचार करायचा नाही. शेजारच्या खुर्चीवर बसवून ठेवायची.

पहिला मुक्काम मियाजिमा. इत्सुकुशिमा मंदिराला आजचं रूप बाराव्या शतकात, ११६८च्या सुमारास, तायरा नो कियोमोरी या सरदाराने दिलं. समोर पाण्यात शेंदरी महाद्वार उभं आहे. जपानी लोक त्याला तोरी म्हणतात. सध्याचं द्वार १८७५ मधलं. उंची साडेसोळा मीटरच्या आसपास, वजन सुमारे साठ टन. त्याचे दोन मुख्य खांब म्हणजे कापराच्या झाडांचे अख्खे बुंधे आहेत, आणि ते समुद्राच्या तळात पुरलेले नाहीत. वरच्या पोकळ तुळईत दगड भरले आहेत. सहा खांबांवर आपल्याच वजनाने ते उभं आहे.

मंदिराच्या लाकडी ओवरीत चला आणि खाली बघा. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडल्या आहेत. उधाणाला पाणी चढतं तेव्हा ते फळ्यांना खालून धडक देत बसत नाही; फटींतून वर येतं आणि ओसरताना त्याच वाटेने जातं. भरतीला आलेल्या माणसाला द्वार तरंगताना दिसतं. ओहोटीला आलेला चिखलातून चालत थेट खांबापाशी पोचतो, लाकडाला चिकटलेले शिंपले बघतो, आणि तरी मनात म्हणतो, फोटोत होतं तसं नाही दिसलं. दोघांनी पाहिलं ते द्वार एकच.

शेजारच्या खुर्चीवरच्या गोष्टीकडे एकदा नजर टाका. तिची ओहोटी चालू असताना तुम्ही आला आहात का? तिने भरतीतच दिसावं असा तुमचा हट्ट आहे का? उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. श्वास घ्या.

जहाज पुढे निघतं. तोमोनोउरा हे छोटं बंदर लागतं. सेतोमध्ये भरतीचं पाणी दोन बाजूंनी शिरतं, पूर्वेकडून किई खाडीतून आणि पश्चिमेकडून बुंगो खाडीतून. ही दोन पाणी या बंदराच्या जवळपास भेटतात आणि ओहोटीला इथूनच दोन दिशांना परत फिरतात. शिडाच्या काळात नावाडी भरतीबरोबर इथवर यायचा, नांगर टाकायचा, आणि पाणी फिरलं की ओहोटीवर स्वार होऊन पुढे जायचा. मधले काही तास थांबण्याचे. वारा उलटा असला तर काही दिवसही. हे गाव त्या थांबण्यावरच वसलं.

धक्क्यावर उतरा. अर्धवर्तुळाकार बंदराला दगडी घाट आहे. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, मधल्या ओल्या, वरच्या उन्हाने तापलेल्या. पाणी कितीही वर असो वा खाली, माल उतरवायला एक ना एक पायरी त्याच्या पातळीला मिळणारच, असा हा बेत आहे. घाटाच्या टोकाला १८५९चा दगडी दीपस्तंभ. जरा पलीकडे नावा आडव्या करून त्यांच्या बुडाला लागलेली समुद्री किडामुंगी जाळून काढायची जागा. गावात १६५९पासून औषधी वनस्पती घातलेली होमेइशू नावाची गोडसर दारू करतात. म्हणजे नावाडी थांबायचा तेव्हा हातावर हात ठेवून बसत नसे. नावेचं बूड साफ व्हायचं, पाणी भरलं जायचं, दोर बदलले जायचे, माल विकला जायचा, आणि रात्री पेलाभर होमेइशूही होत असणार.

पुढे वाफेची जहाजं आली. त्यांना भरतीसाठी थांबायची गरज उरली नाही आणि तोमोनोउरा मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनं बंदर पाडून तिथे नवं काही बांधायची वेळ आली नाही. नंतर बंदराचा काही भाग भरून त्यावरून पूल आणि रस्ता न्यायची योजना निघाली. रहिवासी कोर्टात गेले. २००९ मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने भराव थांबवला आणि काही वर्षांनी ती योजना सोडून देण्यात आली.

इथे थोडं जास्त थांबा. तुमच्या वाट बघण्यात घाट आहे का? ती गोष्ट येईपर्यंत कुठलं बूड साफ करून ठेवता येईल, कुठला दोर बदलता येईल? एक सुचलं तर पुरे.

दुपारी डेकवर या. किनाऱ्यालगतच्या एका शाळेभोवती चेरी फुलली आहे. सगळी झाडं एकाच वेळी, जणू ठरवून. त्याला कारण आहे. जपानभर लावलेली सोमेइ योशिनो ही जात कलमं करूनच वाढवतात; त्यामुळे ही सारी झाडं मुळात एकाच झाडाची आवृत्ती आहेत आणि एका हवेत एकदमच जागी होतात. हवामान खात्याची ठरावीक झाडं आहेत. त्यांवर पाच-सहा फुलं उमलली की त्या शहरात बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. पुढे आठवड्याभरात झाड भरतं आणि लगेच गळायला लागतं.

लोक या फुलाकडे बघून आयुष्य क्षणभंगुर आहे वगैरे म्हणतात. आज ते बाजूला ठेवू आणि फुलाच्या आधीचे महिने बघू. ही कळी गेल्या उन्हाळ्यातच फांदीवर धरली होती. शरद ऋतूत ती झोपी गेली. नुसत्या उबेने ती जागी होत नाही. आधी तिला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, मगच वसंताची ऊब तिच्यापर्यंत पोचते. हिवाळा पुरेसा थंड पडला नाही, तर दक्षिणेकडच्या कागोशिमासारख्या गरम भागात बहर उलट लांबतो. बाहेरून बघणाऱ्याला डिसेंबरची फांदी वाळकी दिसते. खरं तर तेव्हाच तिचं सर्वांत गरजेचं काम चाललेलं असतं.

दुखण्यातून उठणारं शरीर, नुकतंच कोणीतरी गेलेलं घर, दहावीतलं अबोल झालेलं पोर. यांच्यापाशी बसून घाटावरची कामंही करता येत नाहीत. थंडी पुरी होऊ द्यावी लागते. तुमच्यासोबतची गोष्ट अशी आहे का? असेल, तर फांदी वाकवून कळी तपासायचं आज सोडून द्या.

संध्याकाळच्या आत ओकायामा आणि ताकामात्सू यांच्या मधल्या पाण्यात आपण येतो. वर सेतोचा महापूल दिसतो. वसंतात या समुद्रावर दाट धुकं उतरतं. मे १९५५ मधल्या अशाच एका सकाळी शिउन मारू ही प्रवासी बोट ताकामात्सूजवळ दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसं गेली. त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली बरीच मुलं होती. त्यानंतर पुलाच्या मागणीने जोर धरला आणि १९८८ मध्ये तो खुला झाला. आगगाडी आता धुक्यातही पलीकडे जाते. तोमोनोउराला पूल नको होता आणि इथे तो हवाच होता. थांबणं चांगलं, घाई वाईट, असा सोपा निष्कर्ष हा समुद्र काढू देत नाही. श्वास घ्या, आणि त्या मुलांसाठी क्षणभर गप्प राहा.

शेवटी नारुतोची सामुद्रधुनी. रुंदी सव्वा किलोमीटरच्या आसपास. महासागरातून आलेली भरती आवाजी बेटाला वळसा घालून आतल्या बाजूला पोचायला पाच-सहा तास घेते. तोवर बाहेर ओहोटी लागलेली असते. आत पाणी चढलेलं, बाहेर उतरलेलं. दोन्ही पातळ्यांत दीड मीटरपर्यंत फरक. मग आतलं पाणी चिंचोळ्या वाटेने बाहेर झेपावतं आणि भोवरे उठतात. वसंतातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते वीस मीटर रुंदीपर्यंत जातात. भांगाच्या दिवसांत ते लहान होतात.

भरती एकच, पण दोन काठांवर ती वेगवेगळ्या वेळी पोचते. तुम्ही ज्याच्या उत्तरासाठी थांबला आहात, त्याच्या काठावर आत्ता काय चाललं असेल? बापाला हवं असलेलं बोलणं मुलाच्या काठाला अजून पोचलेलंच नसेल. भोवरा दिसला म्हणजे कोणी वाईट वागतंय असंच नसतं. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, एवढंही असू शकतं.

जहाज आता धक्क्याला लागेल. शेजारच्या खुर्चीवरची गोष्ट हातात घ्या आणि तिला नाव द्या. ती भरती आहे का, म्हणजे आपल्या वेळेला येणारच आणि तोवर तुम्हाला घाटावर कामं आहेत? ती कळी आहे का, म्हणजे थंडीच तिचं काम करते आहे? की ते धुकं आहे, म्हणजे थांबण्याने काहीच पिकत नाही आणि धोका तेवढा वाढतो?

भरती असेल तर मघाशी सुचलेलं एक काम आज उरका. कळी असेल तर आज तिला हात लावू नका. धुकं असेल, न सांगितलेली गाठ असेल, टाळलेली तपासणी असेल, महिनोन्महिने न केलेला फोन असेल, तर आणखी शांत व्हायची गरज नाही. उठा, आणि तो फोन आत्ताच लावा.