बातमीची अमानत

समाजात शांतता नांदावी म्हणून सत्यात थोडी काटछाट केली, तर ते पाप ठरते काय? एखाद्या गावात दगडफेक होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘दोन गटांत हाणामारी’ एवढेच छापून येते. कोणी याला संयम म्हणतो, कोणी लपवाछपवी.

काटछाटीच्या बाजूने एक हदीस पुढे केली जाते. हजरत उम्मे कुलसूम बिन्ते उक़बा (रजि.) यांच्या कथनानुसार, लोकांत समेट घडवताना चांगली गोष्ट पोहोचविणाऱ्यास पैगंबर मुहम्मद (स.) यांनी खोटारडा मानले नाही. परंतु ही सवलत मध्यस्थाला आहे. रावीला, म्हणजे वृत्त कथन करणाऱ्याला, ती नाही. लोकांना सत्कर्माकडे वळवावे या नेक हेतूने रचलेली कथनेही मुहद्दिसांनी निःसंकोच फेटाळली. रावी कितीही परहेजगार असो, त्याचे स्मरण कच्चे असेल तर त्याचे कथन दुबळे ठरते. वार्ताहर रावीच्या पंक्तीत बसतो, मध्यस्थाच्या नव्हे.

सूरह हुजुरातमधील क्रमही पाहण्याजोगा आहे. सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे, नवव्या आयतीत भांडणाऱ्या दोन गटांत न्यायाने समेट करण्याचा. बनू मुस्तलिक कबिल्याने जकात नाकारल्याची खोटी वार्ता आली आणि लढाईची वेळ येऊ घातली, या प्रसंगाशी अनेक भाष्यकार सहाव्या आयतीचा संबंध जोडतात. म्हणजे आधी शहानिशा, मग सुलह. आणि तीही न्यायाला बाजूला सारून नव्हे.

मग संयमाला जागाच नाही काय? आहे. जे ठाऊक नाही त्याविषयी मौन बाळगणे हे कर्तव्यच आहे. साक्षीदाराचा पत्ता, मृताचे छिन्न शरीर छापू नये, हेही मान्य. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ती अफवा मोबाईलवरून हातोहात फिरली होती. संदेश पुढे पाठविणारा प्रत्येक जण आता रावी झाला आहे, आपणही, वाचकहो.

आमच्या लासलगावच्या बाजार समितीत व्यापारी ट्रॉलीतील वरचा कांदा पाहून भाव पुकारतो खरा, पण खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना तळाचा माल वेगळा निघाला की वांधा पडतो. बातमीची ट्रॉली मात्र बहुधा रिकामी होतच नाही. आमच्याच जिल्ह्यातील मालेगावचे पाहा. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या जुम्म्याला, मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले; तिसाहून अधिक माणसे गेली. नऊ मुस्लिम आरोपी झाले. अटकेच्या बातम्या पहिल्या पानावर झळकल्या. विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते एप्रिल 2016 मध्ये. तोवर त्यांतील एक हयात नव्हता. अटकेच्या मथळ्याएवढ्या ठळक अक्षरांत ही सुटका आपण कोठे वाचल्याचे आठवते काय? शांततेला खरा हातभार लावायचा असेल तर वार्ताहराने खटल्याच्या शेवटापर्यंत थांबले पाहिजे आणि ज्या पानावर आरोप छापला त्याच पानावर निकाल छापला पाहिजे. ‘दोन गट’ लिहिल्याने जे साधत नाही, ते याने साधेल, असे मला वाटते.

आता जरा अवघड भाग. त्याच मालेगावात 29 सप्टेंबर 2008 रोजी भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जीव गेले. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. आपल्यापैकी अनेकांच्या मनाला ते लागले. मृतांच्या घरच्यांना तर लागणारच. निकालाची चिकित्सा करावी, वरच्या न्यायालयात दाद मागावी, तपास कोठे ढिला पडला हे वार्ताहराने खोदून काढावे. त्या सहा जणांना कोणी मारले हा प्रश्न अजून उभाच आहे. परंतु सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समूहाविषयीच्या रोषानेही न्याय सोडू नका असे बजावले आहे, आणि त्याला अपवाद जोडलेला नाही. 2006 च्या आरोपींना निकालापूर्वी दहशतवादी म्हणू नका, असे आपण वृत्तपत्रांना सांगत होतो. तोच नियम 2008 च्या आरोपींविषयी आपल्या मोहल्ल्यात, आपल्या मोबाईलवर, आपल्या उर्दू-मराठी पत्रांत आपण पाळला काय, हे ज्याचे त्याने पाहावे.