साक्षी आणि सोबती

गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, ‘मस्त झोप लागली होती, काही कळलंच नाही.’ पण काही कळलं नाही, हे त्याला कसं कळलं? आत कुणीतरी जागं असल्याशिवाय ही आठवण उरलीच नसती, असं अद्वैत वेदान्ताचं म्हणणं. मन, बुद्धी, इंद्रियं सगळी निजली तरी हा आतला पाहणारा, म्हणजे साक्षी, निजत नाही. नाशिकला मी वर्षानुवर्षं हा युक्तिवाद वर्गात मांडत आले आणि विद्यार्थी माना डोलावत आले. इजिप्तमधल्या दाहाबला फ्रीडायव्हिंग, म्हणजे एका श्वासात खोल बुडी मारणं, शिकायला गेले, तिथे मात्र त्याची परीक्षा झाली.

माझ्या जोडीला एक तुर्की मुलगी होती. दोराच्या कडेने ती वर आली, डोकं पाण्याबाहेर काढलं, अर्धामुर्धा श्वास घेतला आणि मान टाकली. प्रशिक्षकाने तिची हनुवटी वर धरली, मास्क काढला, गालावर थोपटलं, चेहऱ्यावर फुंकर मारली आणि ‘श्वास घे’ म्हणून ओरडला. काही क्षणांत ती शुद्धीवर आली आणि चिडून म्हणाली, ‘मला धरलंय कशाला? मी नीट आलेय की वर!’ झोपेतून उठलेल्याकडे निदान ‘कळलं नाही’ एवढं तरी असतं. हिच्याकडे तेही नव्हतं.

असं का होतं? श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. बुडीआधी भराभर मोठे श्वास घेतले तर प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, इशारा मात्र उशिरा येतो. त्यात पाण्याचा खेळ वेगळाच. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबाखाली फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायूही रक्तात जात राहतो आणि माणसाला बरं वाटत असतं. वर येताना शेवटच्या 10 मीटरांत दाब निम्म्यावर येतो, प्राणवायूचाही जोर तेवढाच उतरतो आणि मेंदू बंद पडतो. म्हणून शुद्ध हरपण्याचे हे प्रसंग, म्हणजे ब्लॅकआउट, बहुतेक वेळा तळाशी होत नाहीत. ते पृष्ठभागाजवळ किंवा वर आल्यानंतर होतात, कुठलीही पूर्वसूचना न देता.

या एका गोष्टीभोवती फ्रीडायव्हिंगची सगळी साधनं उभी आहेत. वेट बेल्टमध्ये वजन इतकंच घ्यायचं की पृष्ठभागावर श्वास सोडला तरी शरीर तरंगत राहील, आणि बेल्ट एका झटक्यात सुटला पाहिजे. मनगटाला बांधलेला लॅनयार्ड (आखूड दोरी) खाली सोडलेल्या दोरात अडकवलेला असतो, म्हणजे माणूस हरवत नाही. अमेरिकेतले टेरी मास हे तोंडाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि भाल्याने मासे मारणारे पट्टीचे पाणबुडे. त्यांनी तर एक जाकीट तयार केलं. आधी ठरवलेली वेळ किंवा खोली ओलांडली की ते आपोआप फुगतं आणि माणसाला वर आणतं. शुद्धीत असलेल्या ‘मी’ने बेशुद्ध होऊ शकणाऱ्या ‘मी’साठी घेतलेला निर्णय त्या जाकिटात भरलेला असतो. पण मास्क काढणं, फुंकर मारणं, ‘श्वास घे’ म्हणणं त्याला जमत नाही. आणि दोराच्या वरच्या टोकाला कुणी नसेल तर लॅनयार्ड फक्त माणूस कुठे बुडाला एवढंच सांगतो.

माझ्या तुर्की जोडीदारणीच्या प्रसंगावर वेदान्ती उत्तर देईल. आठवण हे बुद्धीचं काम; बुद्धीच मिटली होती, म्हणून आठवण नाही. साक्षीला त्याचं काय? हे उत्तर मला मान्य आहे. पण मग साक्षीचं दुसरं लक्षणही मान्य करावं लागतं: तो अकर्ता आहे. तो पाहतो, करत काहीच नाही. हनुवटी वर धरणं त्याच्या व्याख्येतच बसत नाही. तिथे कर्ता लागतो, आणि तोही असा, ज्याच्या मेंदूत त्या क्षणी पुरेसा प्राणवायू आहे.

दाहाबला मी भारतीय म्हटल्यावर लोक म्हणत, ‘हा तर तुमचाच विषय!’ 1976 साली इटलीच्या एल्बा बेटाजवळ 100 मीटरची खोली गाठणारे झाक मायोल योग-प्राणायामाचे अभ्यासक होते, याचा दाखलाही देत. मला मात्र आपल्याकडचा दुसरा धडा आठवे. कुंभक (श्वास रोखून धरणं) घाईने केला तर तो साधकाचाच घात करतो, असा इशारा हठयोगप्रदीपिकेत आहे. श्वासावर ताबा आला म्हणजे शरीरावर सत्ता आली असं नाही. स्वतःच्या बळावर 100 मीटरपलीकडे गेलेली पहिली स्त्री नतालिया मोल्चानोवा 2015 च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ पाण्यात उतरली आणि पुन्हा दिसली नाही.

पहारेकऱ्यालाही पहारेकरी लागतो. 2017 च्या जुलैत दाहाबच्याच ब्लू होल या समुद्रातल्या विवरात, 50 मीटरहून खोल असलेल्या खडकाच्या कमानीपासून इटालियन फ्रीडायव्हर आलेसिया झेक्कीनीला वर आणताना तिचा सुरक्षा-पाणबुडा स्टीफन कीनन गेला. ती वाचली. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया कसल्याही टाकीशिवाय बुड्या मारून शिंपले काढतात. त्या आधी समुद्रदेवतेची प्रार्थना करतात आणि मग गटानेच पाण्यात उतरतात. देवीवर विश्वास आहे म्हणून काही शेजारणीवरची नजर त्या हटवत नाहीत. मला यात श्रद्धेची उणीव दिसत नाही, समज दिसते.

जोडीदार वर आल्यावरही किमान 30 सेकंद त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नाही, असा नियम आहे. ओठांचा रंग, डोळे, पहिले श्वास बघत राहायचं. आसनावर बसून मी जे ध्यान करते, त्यात ‘माझं चित्त कुठे गेलं’ ही चौकशी चालूच असते. त्या 30 सेकंदांत ती उरत नाही. मोक्षाची वाट एकट्याची असेल, श्वासाची नाही, असं आता मी वर्गात सांगते.

आपल्याकडे विहिरीत, नदीत, जलतरण तलावात ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो’ ही पैज मुलं लावतात आणि प्राणायाम येणारी मोठी माणसंही. त्यांना माझं सांगणं एवढंच: प्राणायाम जमिनीवर बसून करा. पाण्याखाली दम धरायचाच असेल तर आधी भराभर श्वास घेऊ नका. आणि हात पोचेल इतक्या जवळ, तुमच्यावर नजर ठेवून असलेला जाणता माणूस असल्याशिवाय डोकं पाण्याखाली घालू नका.