रकाना

सांगलीत अण्णांची यात्रा कंपनी होती. चारधाम, काशी-प्रयाग, रामेश्वर अशा सहली निघत. कंपनी लहानच. अण्णा, हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळणारा पुतण्या, दोन आचारी आणि हंगामापुरते घेतलेले चार-सहा टूर मॅनेजर. पण मिरज-तासगावपर्यंतची मुलं म्हाताऱ्या आईवडिलांना अण्णांच्या भरवशावर निर्धास्त पाठवत. दर मुक्कामावर अण्णा बसमध्ये चढून माणसं मोजत आणि रात्री रोकड कमरेच्या कशात बांधूनच आडवे होत.

पूर्वी यात्रेकरूंचे फॉर्म फायलीला लावून कपाटात जात. मग पुतण्याने सगळं गूगल शीटवर घेतलं. नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, घरच्यांचा मोबाइल, आजार, चालू औषधं, सीट नंबर, कुठल्या तारखेला कुठे मुक्काम. काम झटपट होऊ लागलं. ड्रायव्हरला यादी हवी असे, आचाऱ्याला पथ्याची माणसं कळायला हवी असत, हरिद्वारच्या हॉटेलवाल्याला खोल्या लावायच्या असत. प्रत्येकाला वेगळं कुठे पाठवत बसायचं, म्हणून ज्याच्याकडे लिंक आहे त्याला शीट उघडता येईल अशी सोय करून पुतण्याने ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हंगाम संपला, माणसं बदलली, पण ग्रुपमधून कुणाला काढलं नाही आणि लिंकही तीच राहिली.

मे महिन्यात चारधामची बस गेली. यात्रेकरू गौरीकुंडाहून केदारनाथची चढण चढत होते. फोनला रेंज येत-जात होती. त्या दुपारी सांगलीत एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलाला फोन आला. बोलणाऱ्याने आईचं पूर्ण नाव घेतलं, सीट नंबर सांगितला, टूर मॅनेजरचं नाव सांगितलं. आईला चढणीवर चक्कर आली आहे, त्यांना साखरेचं इंजेक्शन चालू आहे ना, हेलिकॉप्टरने तातडीने खाली न्यावं लागेल, अठ्ठेचाळीस हजार लगेच पाठवा. मुलाने आईला फोन लावून पाहिला, लागला नाही. इतकं सगळं खरं सांगणारा माणूस खोटं कसं बोलेल? त्याने पैसे पाठवले. आई त्या वेळी दर्शनाच्या रांगेत धडधाकट उभी होती.

तासाभरात मिरजेच्या एका लेकीला तसाच फोन आला. ती म्हणाली, “थांबा, आधी अण्णांना विचारते.” पलीकडून फोन कट झाला. तिने लगेच अण्णांना फोन केला, आणि हा प्रकार उघडकीला आला.

पुतण्याने शीट उघडली, लिंकचा प्रकार त्याच्या लक्षात आला आणि त्याचा चेहरा उतरला. “अण्णा, आत्ता लिंक बंद करतो. पण बोभाटा नको. लोकांना कळलं तर पुढची बुकिंगं जातील.”

अण्णा म्हणाले, “आत्ता आणखी किती घरांत फोन वाजत असेल, याचा विचार कर. बुकिंगचं मागाहून बघू.”

अण्णांनी शिक्षिकाबाईंच्या मुलाला ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवत जातात, त्याआधी ते गोठवता आले तर आले. पुतण्याने शीट कुणाकुणाला खुली आहे याचे फोटो काढून ठेवले, मग लिंक बंद केली, पासवर्ड बदलले आणि जुन्या सगळ्या मोबाइलांवरचं लॉगिन तोडलं. अशी घटना कळल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या यंत्रणेला कळवायची असते, हा २०२२ चा निर्देश. त्याप्रमाणे तिकडे ईमेल गेला.

तोवर अण्णांनी यादी घेऊन एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली होती. प्रत्येक घराला सांगणं एकच : “तुमची माहिती आमच्याकडून बाहेर गेली आहे. चूक आमची आहे. तुमची माणसं सुखरूप आहेत. कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा आणि मला लावा.” काहींनी धन्यवाद दिले, काहींनी खडसावलं. एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे आमचं घर कधीपासून कधीपर्यंत बंद आहे, हेही चोराला ठाऊक झालं?” यावर अण्णांना उत्तर देता आलं नाही. शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगा, एवढंच ते म्हणू शकले.

यात्रा परतली. मुलाच्या रकमेपैकी थोडी बँकेने रोखून धरली होती, उरलेली अण्णांनी पदरची द्यायचं ठरवलं. शिक्षिकाबाई ऑफिसात आल्या. अण्णांनी पाकीट पुढे केलं. बाईंनी ते घेतलं, पण त्या उठल्या नाहीत.

“पैशांचं झालं अण्णा. पण मी इंजेक्शन घेते हे आमच्या शेजारणीलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला का सांगितलं? तुमच्या फॉर्मवर तसा रकाना होता म्हणून. अण्णांनी विचारलंय म्हणजे लागत असेल, असं म्हणून मी लिहिलं.”

त्या गेल्यावर अण्णांनी कोरा फॉर्म मागवला, लाल पेन घेतलं आणि पुतण्याला समोर बसवलं. एकेका रकान्यावर बोट ठेवून ते तीन प्रश्न विचारू लागले. हे आपल्याला कशाला हवं? कोणी पाहायचं? कधीपर्यंत ठेवायचं?

जात, शिक्षण, लग्नाचा वाढदिवस हे रकाने तिथेच कटले. कधीतरी कुणीतरी छापले म्हणून ते चालत आले होते. आधारची पूर्ण प्रत घेणं बंद झालं. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ मिळतं, हॉटेलला चालत असेल तिथे तेच द्यायचं ठरलं. आजाराची माहिती त्या बसच्या टूर मॅनेजरपुरती. आचाऱ्याला नावं नकोत, बिनसाखरेचे चहा किती, एवढं कळलं की पुरे. यात्रा संपल्यावर कायद्याने आणि हिशेबाला लागतं तेवढं ठेवून बाकीचं महिन्याभरात पुसायचं.

मग कॉम्प्युटरची पाळी आली. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरचा कोड, आणि माणसाने काम सोडलं की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. आठवड्यातून एकदा बॅकअप, आणि तो घेऊन झाला की डिस्क काढून कपाटात. कॉम्प्युटरला जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस आला तर कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद होते. शिवाय निघण्याआधी प्रत्येक कुटुंबाने आपसात एक परवलीचा शब्द ठरवायचा. तो शब्द जो सांगणार नाही, त्याला रुपया द्यायचा नाही.

पुतण्या म्हणाला, “अण्णा, एवढं मोठ्या कंपन्या करतात. आपल्याकडे कोण बघतंय?”

“चोराने आपली उलाढाल विचारली होती का? त्याला उघडं सापडलं, त्याने नेलं. आणि २०२३ चा माहिती संरक्षणाचा कायदा वाच. पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्याला त्यातला एक अंश झाला तरी बस विकावी लागेल. पण मी दंडाला भिऊन हे करत नाही. बाईंनी जे विचारलं, त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी असायला हवं.”

त्या वर्षी काही यात्रेकरू दुसऱ्या कंपनीकडे गेले. राहिले ते अधिक होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “वाईट बातमी आम्हाला बाहेरून कळली नाही, अण्णांनी स्वतः सांगितली.”

तात्पर्य : गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. लागेल तेवढीच मागावी, असेल तेवढी जपावी, काम झालं की पुसावी. आणि ती हातून गेलीच, तर धंद्याचं नाव वाचवण्याआधी गिऱ्हाइकाला सावध करावं.