अत्तराचे बोट

आमच्या इमारतीच्या जिन्यावरून सकाळी साडेसहाला जो कोणी उतरतो, त्याला दुसऱ्या मजल्यावरचा पंधरा वर्षांचा मुलगा शिकवणीस गेला की नाही, याची रुजुवात घेण्यासाठी कोणाचे दार वाजवावे लागत नाही; मुलगा गेलेला असतो आणि त्याचा सुवास मागे पहाऱ्यावर राहिलेला असतो. ‘देवापुढच्या उदबत्तीचासुद्धा वास येईनासा झालाय हो,’ अशी फिर्याद त्याच्या आजीने माझ्यापाशी गुदरली, आणि वडिलांनी ‘नटवा झालाय नुसता’ एवढा निकाल देऊन दप्तर बंद केले. फिर्याद खरी आहे, निकाल मात्र मला मान्य नाही.

पुरुषाने सुगंध बाळगावा, ही गोष्ट आपल्याकडे कधीच लाजेची नव्हती. वात्स्यायनाने नागरकाची, म्हणजे शहरी रसिक पुरुषाची, जी दिनचर्या लावून दिली आहे, तीत स्नान रोजचे, अंगमर्दन एक दिवसाआड, फेनक, म्हणजे फेसाळ द्रव्याने अंग धुणे, तिसऱ्या दिवशी आणि क्षौर चौथ्या दिवशी असा चोख बंदोबस्त असून, चौसष्ट कलांच्या यादीत सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या कलेला, म्हणजे गंधयुक्तीला, मानाची जागा आहे. उलट मनुस्मृती ब्रह्मचाऱ्याला गंध आणि माळा वर्ज्य सांगते. पण तीच स्मृती ब्राह्मणाच्या मुलाचा केशान्त, म्हणजे दाढीचे पहिले क्षौर, सोळाव्या वर्षी करावयास सांगते, आणि विद्या पुरी झाल्यावर समावर्तनाच्या वेळी सुगंधी उटी, माळ, आरसा, छत्री आणि पादत्राणे ही सारी त्याला विधिपूर्वक मिळत. म्हणजे निषेध होता तो मुदतीचा होता, आणि मुदत संपल्याची सनद चारचौघांसमक्ष दिली जात होती. ही सनद मूठभरांच्याच मुलांना मिळे, इतरांच्या मुलांना ती कोणी देऊ केली नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

हे झाले पोथीतले; घरातला सुवास निराळा होता. ज्याला आपण कोलनवॉटर म्हणत आलो, त्याची कुळी योहान मारिया फारिना या इटालियन माणसाच्या घराण्यापर्यंत जाते; त्या घराण्याची पेढी कोलोन शहरात १७०९ साली निघाली आणि लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या अर्काचे हे हलके पाणी युरोपभर गेले. आमच्या घरी मात्र ते शृंगाराचे म्हणून कधी आलेच नाही. ते औषधांच्या फडताळात थर्मामीटरच्या शेजारी असे, आणि ताप चढला म्हणजे त्यात भिजवलेली घडी आई कपाळावर ठेवी. त्यामुळे आजही तो वास आला की मला तरुणपण नव्हे, तर ताप आणि आईचा हात आठवतो.

येथे जरा थांबले पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचे मर्म या हातात आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावावयाचे ते आईने किंवा बहिणीने. लग्नात अत्तर लावावयाचे ते यजमानाने, पाहुण्याच्या मनगटामागे एक बोट ओढून. दरबार किंवा सभा उठताना अत्तरगुलाब आणि पानसुपारी व्हावयाची तीही दुसऱ्याच्याच हातून. कानात स्वतः फाया खोवून हिंडणारे शौकीन होते, नाही असे नाही. पण घरंदाज व्यवहारात सुवास ही घेण्याची नव्हे, देण्याची वस्तू होती, आणि देणाऱ्याच्या बोटाबरोबर तिचे प्रमाणही येत असे. या दस्तुराला शरीरधर्माचाही आधार आहे. नाक कोणत्याही वासाला थोड्याच वेळात सरावते, आणि मग ज्याने तो लावला त्यालाच तो कळेनासा होतो. म्हणून आपल्या अंगावरच्या सुगंधाचा न्याय आपले नाक करू शकत नाही, त्याला दुसऱ्याचे नाक लागते. आजचा मुलगा न्हाणीघराची कडी लावून, डोळे मिटून, छातीवर आणि सदऱ्यावर फवारा मारतो, दोन मिनिटांनी वास गेला असे समजून पुन्हा मारतो, आणि बाहेर पडतो तो सगळा जिना व्यापून. पौगंडावस्थेत काखेतील ग्रंथी कामास लागतात, त्यांचा स्राव त्वचेवरचे जंतू फोडतात आणि त्यातून कालपर्यंत नसलेला दर्प येऊ लागतो, एवढी साधी माहितीदेखील त्याला कोणी दिलेली नसते. त्याला फक्त भय असते, आपल्याला वास येत असेल, याचे.

त्या भयाची तजवीज बाजाराने केली. घरात जे बोलावयास कोणी नव्हते, ते बाजार बोलला. आणि काय बोलला? अमुक फवारा मारला की स्त्रिया ओढल्या येतात, हे. मे २०११ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला अशा जाहिरातींच्या असभ्यपणाची दखल घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये तर बलात्काराची सूचना विनोदाच्या वेषात करणारी अशीच एक जाहिरात समाजमाध्यमांवरून काढून टाकण्याचा हुकूम त्याच मंत्रालयाला द्यावा लागला. मुलाच्या डिओच्या खर्चाची कुरकुर करणाऱ्या पित्याने त्या डिओबरोबर कोणता पाठ घरात येतो याचाही जमाखर्च ठेवावा.

तरीही मी मुलांना हसणाऱ्यांच्या पंगतीत बसणार नाही. ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे, स्वतंत्र न्हाणीघर आहे, इस्त्रीचे कपडे आहेत, त्यांना साधेपणाचे व्याख्यान देणे परवडते. तासभर येणाऱ्या नळावर सहा माणसांच्या आंघोळी उरकणाऱ्या खोलीतून जो मुलगा महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन बसतो, त्याच्या खिशातली सेंटची लहानशी कुपी हा छचोरपणा नसून, बाकावर शेजारी बसणाऱ्याने नाक मुरडू नये यासाठी काढलेला परवाना असतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या दागिन्यांचा विषय होता. बाह्य वेषाचा दर्जाशी काय संबंध आहे, हे त्यांना आपल्या साऱ्या साधेपणवाद्यांपेक्षा अधिक ठाऊक होते. ज्यांच्या वाडवडिलांना सनद कधी मिळालीच नाही, त्यांच्या मुलाने ती कुपीतून विकत घेतली, तर त्यात हसण्याजोगे मला काही दिसत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना, आणि त्यांच्यासारख्या सर्वच वडिलांना, माझी विनंती एवढीच आहे की, मुलाची बाटली लपवू नये आणि त्याला नटवा म्हणू नये. येत्या दिवाळीत पहिल्या आंघोळीनंतर वाळ्याच्या किंवा हिन्याच्या अत्तराचे एक बोट आपल्या हाताने त्याच्या मनगटामागे ओढावे, आणि एरवी वास फार झाला असेल त्या दिवशी, चारचौघांत नव्हे, दारात चप्पल घालताना, हळूच त्याला तसे सांगावे.